जबडा आणि पोट एकाच वेळी धरत असेल, तर आधी गोळ्यांची पिशवी उघडा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३६, घर देवगडजवळ. उजव्या कानापुढे दोन वर्षं दुखतंय, सकाळी जबडा आखडलेला असतो, जांभई देताना कट्‌ आवाज येतो. त्याच सुमारास पोटही बिघडलं. फुगतं, रात्री आंबट पाणी घशाशी येतं, दोन दिवस पोट साफ होत नाही आणि तिसऱ्या दिवशी तीनदा जावं लागतं. एका डेंटिस्टने अक्कलदाढ काढली, दुसऱ्याने रात्री दातांवर घालायची प्लेट दिली, बरं वाटलं ते महिनाभरच. आता एका व्हिडिओत तुम्ही ऐकलंत की आतड्याला बारीक भोकं पडतात, विष रक्तात उतरतं आणि जबड्यात जाऊन बसतं. उपाय म्हणजे तीन महिन्यांचा प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणून देतात त्या जिवाणूंचा कोर्स, साडेसहा हजारांचा. घेऊ का, असं विचारलंत.

सध्या घेऊ नका. पण पोट बिघडलं की जबडाही धरतो हे तुम्हाला जे जाणवलंय, ते खोटं नाही. मी कुडाळला २१ वर्षं दातांचा दवाखाना चालवते. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं जबड्याच्या दुखण्याचे पेशंट मुद्दाम बघते. त्यांच्यात पोटाची तक्रार इतक्या वेळा निघते की आता केसपेपरवर तो प्रश्न मी छापूनच घेतलाय. तुमच्या बाबतीत अडलंय ते असं की दातवाल्याने दात बघितले, पोटवाल्याने पोट बघितलं, पण दोघांच्या गोळ्या एकत्र मांडून कुणी पाहिल्या नाहीत आणि रात्री झोप कशी लागते हे कुणी विचारलं नाही. व्हिडिओवाल्याने निदान दोन्ही दुखण्यांचं नाव एका दमात घेतलं. तुम्हाला तो पटला याचं मला नवल वाटत नाही.

मी तुम्हाला तपासलेलं नाही. तोंड किती उघडतं, बोटाने दाबल्यावर सांध्यात दुखतं की गालाच्या स्नायूत, चालू गोळ्या कुठल्या, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

आधी एक धोक्याची गोष्ट सांगते. तुमच्या वयाला ती लागू पडण्याची शक्यता कमी आहे, पण घरात सासरे असतील, वडील असतील. काही वर्षांपूर्वी मालवणकडचे एक गृहस्थ आले, साठीच्या आतले. खालची डावी दाढ काढा म्हणाले. दाढ ठणठणीत होती. कधी दुखते विचारलं, तर म्हणाले, ‘‘घाटी चढूक लागलंय की दुखता, वायच बसलंय की थांबता.’’ वर ‘‘गॅसपण होतत’’ हेही होतं, ओव्याचा अर्क चालू होता. चढ चढताना दुखणारी आणि बसल्यावर थांबणारी दाढ ही बहुतेक वेळा दाढ नसते. मी त्यांना खुर्चीतून उठवून थेट फिजिशियनकडे पाठवलं. साधा ईसीजी नीट आला, ट्रेडमिलवर चालवल्यावर दोष दिसला, पुढे गोव्याला जाऊन अँजिओप्लास्टी झाली. हृदयाचं दुखणं जबड्यात, दातात, खांद्यात उमटतं आणि त्याच्या जोडीला छातीत जळजळ किंवा पोटात गच्च वाटणं येऊ शकतं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर हे असं फसवं रूप जास्त दिसतं. जबडा आणि ‘गॅस’ दोन्ही श्रमाबरोबर वाढत असतील तर सोडा-लिंबू घेत बसायचं नाही. आणि बसल्या जागी अचानक असं झालं, घाम फुटला, दम लागला, तर त्याच क्षणी दवाखाना.

आता तुमच्या दुखण्याकडे. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की जो सरकतो तो जबड्याचा सांधा. त्यात एक लवचीक चकती असते. ती जागेवरून किंचित हलली की कट्‌ आवाज येतो. नुसता आवाज, दुखत नसेल तर, मी त्याला हात लावत नाही. दुखतं ते बहुतेक वेळा स्नायूंत, गालातल्या आणि कानशिलावरच्या, जे आपण चावताना आणि दात आवळताना वापरतो. हे दुखणं बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आणि विशी ते चाळिशीत जास्त आढळतं. तुम्ही बरोबर त्यात बसता.

पोटाशी त्याचा संबंध कसा, याचा चांगला अभ्यास अमेरिकेत झालाय, ‘ओपेरा’ नावाचा. ज्यांचा जबडा अजिबात दुखत नव्हता अशा २,७३७ जणांवर त्यांनी काही वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या २६० जणांना पुढे जबड्याचं दुखणं सुरू झालं. कुणाला झालं हे बघितलं तर दातांच्या ठेवणीपेक्षा बाकीच्या गोष्टीच पुढे आल्या. आधीपासून आतड्यांचा चिडखोरपणा म्हणजे आयबीएस, कंबरदुखी, डोकेदुखी असलेली माणसं, झोप बिघडत गेलेली माणसं. एका माणसाला अशी जितकी दुखणी जास्त, तितका धोका जास्त. पोट आधी, जबडा नंतर, असा क्रम काही जणांत खरंच दिसतो. पण म्हणून पोटातून काही वाहत जबड्यात जातं असं नाही.

मग काय होतं? आमच्या वाडीत मागे बिबट्या येऊन एक कुत्रं उचलून घेऊन गेला. पुढे महिनाभर नारळाची झावळ पडली तरी सगळी कुत्री ओरडून रात्र जागवायची. खोटी ओरडत नव्हती बिचारी, राखण करत होती. फक्त कशावर भुंकायचं याचा त्यांचा हिशोब बदलला होता. आपल्या मज्जासंस्थेचंही असंच होतं. महिनोन् महिने दुखणं, अपुरी झोप, काळजी चालू राहिली की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू साध्या इशाऱ्यांनाही दुखणं म्हणून वाचायला लागतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली हे पहिल्यांदा प्रयोगाने दाखवलं. मग आतड्यात रोजचा वायू सरकला तरी पोट दुखतं आणि भाकरी चावली तरी गाल दुखतो. म्हणूनच आयबीएस, जबड्याचं दुखणं, अर्धशिशी, फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर स्नायू दुखण्याचा आजार, ही एकमेकांच्या सोबतीने फिरणारी दुखणी मानतात. तपासण्या नॉर्मल येतात म्हणून ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दुखतं ते खरंच दुखतं.

व्हिडिओतल्या ‘९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं’ या वाक्याबद्दलही बोलते, कारण ते प्रत्येक पेशंट मला ऐकवतो. सेरोटोनिन म्हणजे शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन. वाक्य बरोबर आहे. पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं वेगळं बनवतो. त्यामुळे पोट धुतलं की मेंदूतलं सेरोटोनिन वाढेल आणि दुखणं पळेल, हा पुढचा हिशोब चुकतो. आतड्याचं अस्तर काही आजारांत खरोखर सैल होतं, तेही खरं. मात्र त्यातून विष निघून नेमकं उजव्या जबड्यात साठतं, याला काही आधार नाही.

आता ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या. पहिली म्हणजे तुमचं रात्रीचं आंबट पाणी. जपानमध्ये झोपलेल्या माणसांच्या अन्ननलिकेत थोडं आम्ल सोडून पाहिलं, तर चावण्याचे स्नायू जास्त वेळा आवळले गेले. २०१९ साली चीनमधल्या डॉक्टरांनी जबड्याच्या जुन्या दुखण्याचे दीड हजारांवर पेशंट आणि तितकेच निरोगी लोक यांची तुलना केली. ज्यांना आम्लपित्त वर येण्याचा त्रास होता त्यांच्यात जबड्याचं दुखणं जास्त आढळलं, आणि या संबंधातला काही भाग बिघडलेल्या झोपेतून आणि चिंतेतून जात होता. माझ्या खुर्चीतून मला हे दातांवर दिसतं. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. पेशंटला वाटतं ॲसिडिटी गेली, दात म्हणतात गेली नाही. तुमच्या डेंटिस्टला आरसा लावून ती बाजू बघायला सांगा.

त्यावर करायचं ते साधं आहे, पाळणं मात्र जड. जेवण आणि झोप यांत तीन तास. आपल्याकडे दुकान बंद करून, भजन आटोपून रात्री साडेदहाला मासे-भात आणि अकराला आडवं, असं चालतं, म्हणून सांगतेय. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे घालून तो वीतभर उचला. नुसत्या दोन उशा घेऊ नका, त्याने मान वाकते आणि जबडा आणखी धरतो. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल कमी वर येतं. तुमचा उजवा दुखरा आहे म्हणजे सोयीचंच झालं, फक्त हात गालाखाली घेऊ नका. सोलकढीबद्दल हमखास विचारतात. दुपारच्या जेवणात वाटीभर घ्या. रात्री आगळाची आंबट कढी पिऊन लगेच झोपायचं, तेवढं टाळा. आणि आंबट खाल्ल्यावर किंवा आंबट पाणी तोंडात आल्यावर लगेच ब्रश नको. चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल ब्रशने खरवडून निघतं.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. तुम्ही लिहिलंय, ‘दुखलं की मेडिकलमधली एक गोळी आणि पोटासाठी सकाळची एक कॅप्सूल.’ नावं लिहिली नाहीत. दुखण्याची गोळी डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक गटातली असेल तर पोटाचं अस्तर तीच सोलत असेल. महिन्यातून दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या चालू राहिल्या तर डोकेदुखीच्या पेशंटमध्ये कानशिलाचं दुखणं उलट पक्कं होतं. काही गोळ्यांत ट्रामाडॉल हे जास्त कडक वेदनाशामक मिसळलेलं असतं, त्याने बद्धकोष्ठ होतं. म्हणजे जबड्यासाठी घेतलेल्या गोळीने पोट बिघडलं आणि आपण म्हणतो पोटामुळे जबडा बिघडला.

आता त्या सकाळच्या कॅप्सूलची पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. नुसतं पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारं औषध असेल तर एक गोष्ट. त्याच्यासोबत लेव्होसल्पिराइड लिहिलं असेल तर हे लक्ष देऊन वाचा. हे औषध पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून देतात. पण ते मेंदूतल्या डोपामीन या रसायनाला अडवतं, आणि काही जणांत त्याने जबडा, जीभ, ओठ यांचे स्नायू आपोआप आवळायला किंवा हलायला लागतात. उलटीवर देतात त्या मेटोक्लोप्रमाइडनेही हे होतं, कधीकधी एकाच इंजेक्शननंतर जबडा वाकडा होऊन बसतो. याच प्रकारचं डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे त्यात हा धोका बराच कमी. वेंगुर्ल्याकडच्या एक बाई आल्या होत्या. दात आवळण्याचा त्रास म्हणून दोन ठिकाणी प्लेटा करून झालेल्या, दोन्ही चावून फोडलेल्या. मी समोर बसून बघत होते, गप्प बसल्या तरी खालचा जबडा हळूच एका बाजूला सरकत होता. लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल सात महिने चालू, कारण लिहून देणाऱ्याने दहा दिवस सांगितले होते आणि मेडिकलवाला मागितली की देत राहिला. त्यांच्या फिजिशियनशी बोलून ती बंद केली. जबडा शांत व्हायला दोनेक महिने गेले. सगळ्यांचा इतका सहज शांत होत नाही, म्हणून लवकर ओळखणं बरं. पोटाच्या औषधाने जबडा दुखतो, हाही पोट-जबड्याचा संबंधच, फक्त व्हिडिओत कुणी सांगत नाही.

नैराश्य किंवा चिंतेवरच्या एसिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांनीही काही जण दात आवळतात. त्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना नुसतं सांगा. मात्रा किंवा वेळ बदलून बऱ्याचदा भागतं. आणि ॲसिडिटीची कॅप्सूल दोन वर्षं सलग चालू असेल तर बी१२ तपासून घ्या. जीभ चुरचुरणं, तोंडाची आग हे त्या कमतरतेतून येतं आणि पेशंट ते ‘चेहऱ्याचं दुखणं’ म्हणून सांगतात.

तिसरी गोष्ट ताटातली. जबडा दुखतो म्हणून तुम्ही दोन वर्षं ‘मऊ मऊ’ खाताय, असं लिहिलंय. म्हणजे पेज, मऊभात, चहा-खारी, पाव. भाजी नको, कारण चावावी लागते. त्यात चोथा काहीच नाही, मग पोट कसं साफ होणार? घास न चावता गिळला की पोट फुगतंच. मऊ खायचं ते दुखणं भडकलेलं असताना दोन-तीन आठवडे, जन्मभर नाही. आणि मऊमध्येही तांबडा भोपळा, लाल माठ, पडवळ, मुगाचं कढण, पिकलेली पपई, केळं, शिजवलेले मासे असं पुष्कळ बसतं. कुळथाची पिठी पौष्टिक आहे, पण पोट फुगत असेल तर काही दिवस कमी करून बघा. कांदा-लसणाचंही तेच. आयबीएसवाल्यांत ते आणि कडधान्यं बऱ्याच जणांना त्रास देतात. एका वेळी एकच गोष्ट दोन आठवडे कमी करा आणि फरक नसेल तर परत सुरू करा. मी अशी माणसं पाहिलीत जी शेवटी भात आणि मीठ यांवर येऊन थांबली होती. गहू मात्र सीलिॲकची, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करायच्या आधी सोडू नका, सोडला की तपासणी खोटी नॉर्मल येते.

जबड्यासाठी काय टाळायचं? फणसपोळी, जत्रेतलं खाजं, भाजलेले सुके बोंबील, चणे. हे सगळं मलाही आवडतं, पण फणसपोळी ओढून चावणं दुखऱ्या स्नायूला परवडत नाही. सुपारी तर नकोच. तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर ते सांध्याचं दुखणं नसून तोंडातलं अस्तर कडक होण्याचा वेगळा आजार असू शकतो. त्यातून कर्करोगाचा धोका असतो, ते लगेच दाखवायचं.

प्रत्यक्ष जबड्याचा उपचार मी कसा करते ते सांगते. ‘न’ म्हणा आणि तिथेच थांबा. जीभ वरच्या दातांच्या मागे, दात एकमेकांपासून सुटे, आता ओठ हलकेच मिटा. जबड्याची विश्रांतीची जागा ही. दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला हवेत ते घास चावताना आणि गिळताना, एरवी नाही. मोबाइल बघताना, नारळ खवताना, स्कूटर चालवताना दात टेकलेत का बघा. दवाखान्यात मी सगळ्यांना आरशावर आणि स्कूटरवर लाल टिकली लावायला सांगते, दिसली की ‘न’. गरम पाण्यात पिळलेला पंचा दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. पोटाने श्वास, म्हणजे श्वास घेताना पोट वर येईल असा, पाच-दहा मिनिटं. हा एक उपाय जबडा, आम्लपित्त आणि झोप या तिन्हींना थोडाथोडा लागू पडतो.

जोडीला जबड्याची कामं जाणणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जुन्या जबडेदुखीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वर्तनोपचार यांना वरचं स्थान आहे, नुसत्या प्लेटला नाही. मी प्लेट अजूनही देते, पण दात झिजत असतील तर दात वाचवायला. दुखणं जाईल म्हणून नाही. दात घासून चावा ‘जुळवून’ देतो असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. घासलेला दात परत येत नाही.

रात्री एक छोटी गोळी, ॲमिट्रिप्टिलीन कमी मात्रेत, जबडा आणि आयबीएस दोन्हींसाठी वापरतात. पण तिने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ वाढू शकतं, म्हणून तुमच्या बाबतीत ती फिजिशियनने बघूनच ठरवावी.

प्रोबायोटिकचं राहिलं. जबड्याच्या दुखण्यावर ते गुणकारी असल्याचा पुरावा नाही. आयबीएससाठीही अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की ते अभ्यासापुरतंच वापरावं. ताक पचत असेल तर प्या, चांगलंच आहे. साडेसहा हजारांत मात्र फिजिओथेरपीच्या बऱ्याच फेऱ्या होतील, एसटीच्या भाड्यासकट.

शौचातून रक्त किंवा काळी शौच, वजन उतरणं, घास अडकणं, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, झोपेतून उठवणारं पोटाचं दुखणं, यातलं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. चेहऱ्यावर विजेच्या झटक्यासारखी कळ येत असेल, गाल बधिर असेल किंवा गालावर सूज असेल, तर तेही वेगळं प्रकरण आहे.

बाकी, पुढच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा दोन आठवड्यांची वही घेऊन जा. रोज चारच गोष्टी लिहा: सकाळी जबडा दहापैकी किती, पोट कसं, रात्रीचं जेवण किती वाजता, गोळी कुठली. सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला, संपलेल्यासुद्धा. आणि ती रात्रीची प्लेट आठवणीने घ्या. बहुतेकांची कपाटात डब्यात पडून असते, पण तिच्यावर कुठल्या बाजूला किती घासलंय ते बघून तुम्ही रात्री काय करता याचा बराच अंदाज येतो.